म्युटेशनवाल्या प्रोटीनची जोडी तोडायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ, माटुंगा, पवई, खारघर या पट्ट्यात कॅन्सरच्या औषधांवर काम सुरू करणारी एमएस्सी, एमफार्म आणि पीएचडीची मुलंमुली जे प्रश्न हटकून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेवटचा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचा आहे. पहिले तीन वाचल्याशिवाय डॉकिंगला, म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल हे संगणकावर आजमावण्याला, हात लावू नका.

दोन प्रोटीनमधली जोडी छोट्या रेणूने तोडणं एवढं अवघड का?

एन्झाइमला मुळातच एक खळगा असतो. त्यात त्याचा सबस्ट्रेट बसतो, आणि आपण त्याच्या जागी आपला रेणू घुसवतो. दोन प्रोटीन एकमेकांना चिकटतात तिथे मात्र साधारण १५०० ते ३००० चौरस अँगस्ट्रॉमचा, बऱ्यापैकी सपाट पृष्ठभाग असतो. कडप्प्याच्या ओट्यासारखा: हात ठेवायला जागा भरपूर, धरायला काही नाही. छोटा रेणू फार तर ३०० ते १००० चौरस अँगस्ट्रॉम झाकतो.

तरीही काम होतं, कारण त्या सगळ्या पृष्ठभागावर ऊर्जा सारखी वाटलेली नसते. क्लॅक्सन आणि वेल्स यांनी १९९५ मध्ये ग्रोथ हॉर्मोन आणि त्याच्या रिसेप्टरमधलं एकेक अमिनो ॲसिड बदलून ॲलॅनिन केलं. बहुतेक ताकद मधल्या मोजक्या जागांवर एकवटलेली निघाली. या जागांना हॉट स्पॉट म्हणतात, आणि तिथे ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, आर्जिनिन जास्त सापडतात. पी५३ (ट्यूमर रोखणारं प्रोटीन) आणि एमडीएम२ (त्याला आवरून धरणारं प्रोटीन) यांच्या जोडीत तर सगळा भार तीनच अमिनो ॲसिडवर आहे: फिनाइलॲलॅनिन १९, ट्रिप्टोफॅन २३, ल्यूसिन २६. १९९६ च्या क्रिस्टल रचनेत (प्रोटीन रचनांच्या पीडीबी संग्रहातला क्रमांक १वायसीआर) ही तिन्ही एका हेलिक्सच्या, म्हणजे मळसूत्री वळणाच्या, एकाच बाजूने एमडीएम२ च्या खोबणीत उतरलेली दिसतात. २००४ मध्ये आलेल्या नटलिन रेणूंनी नेमक्या या तीन जागा भरल्या. हेलिक्सची नक्कल त्यांनी केली नाही, फक्त तिची तीन बोटं उचलली.

म्युटेशन झालं म्हणजे औषधाला नवी जागा मिळालीच ना?

सगळ्यात जास्त प्रकल्प याच गैरसमजावर बुडतात. म्युटेशनने प्रोटीनचं नेमकं काय केलं हे आधी पाहायचं. चार तऱ्हा दिसतात.

कधी म्युटेशन केमिस्टच्या हातात दांडा देतं. केरास हे पेशीची वाढ चालू-बंद करणारं प्रोटीन. त्याच्या जी१२सी म्युटेशनमध्ये १२ व्या जागी ग्लायसिन (जी) जाऊन सिस्टीन (सी) येतं. सिस्टीनचा गंधक रेणूवरच्या ॲक्रिलामाइड गटाशी पक्का बंध करतो, आणि हे सिस्टीन निरोगी पेशीतल्या केरासमध्ये नसतं. निवडकपणा फुकटात मिळतो.

कधी म्युटेशन खड्डा पाडतं. पी५३ वाय२२०सी मध्ये मोठं टायरोसिन जाऊन लहान सिस्टीन येतं आणि पृष्ठभागावर एक पोकळी उरते. त्यामुळे प्रोटीन ढिलं पडतं, सुमारे ४ किलोकॅलरी प्रति मोलने. पी५३ चा डीएनए धरणारा भाग निरोगी असताना सुद्धा जेमतेम ४५ अंशांपर्यंत टिकतो. वाय२२०सी मध्ये हा आकडा सात-आठ अंशांनी उतरतो, म्हणजे शरीराच्या तापमानालाच तो उलगडू लागतो. इथे जोडी तोडायचीच नाही. खड्डा बुजवून प्रोटीन उभं करायचं, मग ते डीएनए आपणहून धरतं. २००८ चा फायकॅन०८३ हा कार्बाझोल रेणू या खड्ड्यात बसला (पीडीबी २व्हीयूके), पण त्याचं आकर्षण साधारण १५० मायक्रोमोलर एवढंच होतं. पुढच्या पिढीतला रेझाटापॉप्ट रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला.

तिसऱ्या तऱ्हेत म्युटेशन एका प्रोटीनमध्ये असतं आणि औषध दुसऱ्याला लागतं. केएमटी२ए जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जुळलेल्या ल्युकेमियात त्यातून बनणारं जोड-प्रोटीन मेनिन या साध्यासुध्या प्रोटीनच्या खांद्यावर उभं असतं. मेनिनमधली खोबण बुजवली की सगळं कोसळतं. यावरच्या रेव्हुमेनिबला अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. व्हीएचएल हे प्रोटीन बिघडलं की ते एरवी ज्याची विल्हेवाट लावतं ते हिफ-२ अल्फा साचत जातं. त्याच्या पोटात एक छोटी पोकळी आहे. बेल्झुटिफान तिच्यात बसून जोडीदार एआरएनटीशी होणारी त्याची गाठ सोडवतो. त्याला ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

चौथी तऱ्हा म्हणजे म्युटेशनने फक्त संपर्क गेला, नवीन काहीच आलं नाही. पी५३ आर२७३एच मध्ये डीएनए धरणारं एक आर्जिनिन गेलं, बाकी घडी जवळपास जशीच्या तशी. ना दांडा, ना खड्डा. हे पहिला प्रकल्प म्हणून घेऊ नका, मार्गदर्शकांनी कितीही आग्रह केला तरी.

मग पहिल्या प्रकल्पाला काय घ्यावं?

सगळेच केरास जी१२सी कडे धावतात. त्यातून शिकायला भरपूर मिळतं, पण नवीन रेणू काढायला तिथे फार गर्दी आहे. आमच्या मते हात बसवण्यासाठी पी५३–एमडीएम२ बरं: प्रोटीन सहज बनतं, पेप्टाइड लहान आहे आणि नटलिन-३ए हा पक्का कंट्रोल विकत मिळतो. नवीन काही करायचं असेल तर पी५३ वाय२२०सी. तिथे साध्या थर्मल शिफ्टवर (रेणूमुळे प्रोटीन उलगडण्याचं तापमान किती चढतं हे मोजण्यावर) काम सुरू होतं, महागडी चिप लागत नाही.

केरासला इतकी वर्षं औषध का सापडलं नाही?

दोन कारणं. जीटीपी (हे धरलं की केरास चालू, ते तुटून जीडीपी झालं की बंद) केरासला पिकोमोलर ताकदीने चिकटतं आणि पेशीत ते सुमारे ०.५ मिलिमोलर असतं. कायनेज या एन्झाइमचं एटीपीशी आकर्षण मायक्रोमोलर असतं, म्हणून तिथे स्पर्धा जमते. इथे ती जमणं शक्य नव्हतं. दुसरं म्हणजे इतर कुठे खळगा दिसतच नव्हता. तो बंद असायचा. २०१३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ केव्हन शोकाट यांच्या गटाने ४८० डायसल्फाइड तुकडे जी१२सी वर लावून पाहिले. जे चिकटले त्यांनी स्विच-२ खालचा खळगा आपला आपण उघडला. आधीच्या रचनांत तो नव्हताच. रेणू आला तेव्हा जागा झाली.

हा रेणू जीडीपी धरलेल्या, म्हणजे बंद अवस्थेतल्या केरासला अडकवतो. मग केरास राफ या पुढे निरोप नेणाऱ्या प्रोटीनला भेटत नाही. हे जमतं कारण जी१२सी अधूनमधून स्वतःहून जीटीपी तोडून बंद अवस्थेत येतं. नेहमीच चालू राहिलं असतं तर औषधाला दारच उघडं मिळालं नसतं.

यात वेग कसा वाढत गेला ते बघण्यासारखं आहे. एआरएस-८५३ या सुरुवातीच्या रेणूचा केइनॅक्ट भागिले केआय (पक्का बंध किती झटपट होतो याचं माप) सुमारे ७६ प्रति मोलर प्रति सेकंद. एआरएस-१६२० चा सुमारे ११००. पुढे औषध झालेल्या सोटोरॅसिबचा सुमारे ९९००. ॲक्रिलामाइड तिन्हीत तेच. सोटोरॅसिबमधली वाढ झाली ती रेणूचा दुसरा हात हिस्टिडिन ९५, टायरोसिन ९६, ग्लुटामिन ९९ यांच्यामधल्या खोबणीत पोचल्यामुळे (पीडीबी ६ओआयएम). वॉरहेड, म्हणजे बंध करणारा गट, तापट करण्याने हे झालेलं नाही. कोव्हॅलंट, म्हणजे पक्का बंध करणारे, रेणू बनवणाऱ्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

अल्फाफोल्डची रचना घेऊन डॉकिंग केलं तर चालेल का?

क्रिस्टल रचना असेल तर तीच घ्या. अल्फाफोल्ड हे रचनेचं भाकीत करणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा एकच घडी दाखवतं, लपलेला खळगा बंदच राहतो, आणि एका अमिनो ॲसिडच्या बदलाने झालेला फरक त्यात अनेकदा उतरत नाही.

व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर चांगला स्कोअर देतं, पण प्रयोगात काहीच येत नाही. का?

२५ अंशांना आकर्षणात दहापट फरक म्हणजे १.३६ किलोकॅलरी. डॉकिंगच्या स्कोअरची चूक सहज दोन किलोकॅलरी असते. म्हणजे –८.१ आणि –८.९ यांत फरक आहे असं समजून रेणू निवडणं हे नाणेफेकीच्या जवळ जातं. शिवाय स्कोअर रेणूच्या आकाराबरोबर वाढतो, त्यामुळे यादीत वरती सगळी अवजड मंडळी येऊन बसतात.

किमान एवढं करा. रचनेतलाच लिगँड (आधीपासून बसलेला रेणू) काढून परत डॉक करा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला नाही, तर पुढे जाऊ नका. शोधाचा बॉक्स २० ते २५ अँगस्ट्रॉमचा ठेवा, सगळ्या प्रोटीनला गुंडाळू नका. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा तो आकडा) मुळात ८ असतो, तो ३२ करा. कामाचे नसलेले पण त्याच वजनाचे पन्नासेक रेणू मिसळा आणि तुमचे खरे रेणू त्यांच्या वर येतात का ते बघा. सपाट पृष्ठभागावर शंभर नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन चालवून त्यातल्या पाच-सहा चौकटींवर डॉकिंग करणं केव्हाही बरं. शेवटी रेणू डोळ्यांनी बघून निवडा: हॉट स्पॉटशी काय जुळतंय, पाण्यात उघडा पडलेला भाग किती, हायड्रोजन बंध खरा वाटतो का.

प्रोटीन बनवताना काय चुकतं?

केरास १ ते १६९ ई. कोलाय बीएल२१ मध्ये आरामात बनतं. वाढ ३७ अंशांना, मग तापमान १८ ला आणून ०.२ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी आणि रात्रभर. निकेल कॉलम, टीईव्हीने टॅग कापणे, जेल फिल्ट्रेशन. सगळ्या बफरमध्ये ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड पाहिजे. सवयीने कोणी ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) टाकला की मॅग्नेशियम जातं, मागोमाग न्यूक्लिओटाइड (जीटीपी किंवा जीडीपी) जातं, आणि रिकामं केरास बघता बघता गाळ होऊन बसतं. तेच ईडीटीए मुद्दाम वापरून न्यूक्लिओटाइड बदलता येतं, पण तेव्हा नवीन न्यूक्लिओटाइड भरपूर जास्त असावं लागतं आणि शेवटी मॅग्नेशियम परत द्यावं लागतं.

पी५३ चा गाभा झिंकवर उभा आहे. तिथे ईडीटीए अजिबात नको. डीटीटी ताजं घाला. वाय२२०सी चं शुद्धीकरण कोल्ड रूममध्येच करा. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत कॉलम लावला तर फ्रॅक्शनमध्ये दूध दिसेल.

फ्लुओरेसन्स पोलरायझेशनची प्लेट नेमकी कशी लावायची?

पी५३–एमडीएम२ चं उदाहरण घेऊ. चमकणारं छोटं पेप्टाइड प्रोटीनला चिकटलं की सिग्नल चढतो, रेणूने ते सोडवलं की उतरतो. काळी, कमी घनफळाची ३८४ खणांची प्लेट, प्रत्येक खणात २० मायक्रोलिटर. बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बोव्हाइन गॅमा ग्लोब्युलिन. चमकणारं पेप्टाइड ५ नॅनोमोलर. आधी फक्त प्रोटीनचं प्रमाण बदलून वक्र काढा आणि सिग्नल ७० ते ८० टक्के चढेल एवढंच प्रोटीन घ्या. जास्त घेतलंत तर सिग्नल देखणा येतो, पण आयसी५० (निम्मा असर देणारी मात्रा) प्रोटीनच्या निम्म्याखाली जाऊच शकत नाही. ५० नॅनोमोलर प्रोटीन असेल तर ०.२ नॅनोमोलरचा उत्तम रेणू आणि २ नॅनोमोलरचा बरा रेणू दोघंही जवळपास सारखेच दिसतील. मग वर्षभर तुम्ही रेणू सुधारत राहता आणि आकडा हलत नाही.

रेणूचा १० मिलिमोलर डीएमएसओ स्टॉक घ्या आणि डीएमएसओमध्येच तीनपट पातळ करत दहा पायऱ्या करा. प्रत्येक पायरीतून २ मायक्रोलिटर घेऊन ३८ मायक्रोलिटर बफरमध्ये मिसळा. त्यातले ४ मायक्रोलिटर, आधीच १६ मायक्रोलिटर प्रोटीन-पेप्टाइड असलेल्या खणात घाला. डीएमएसओ सगळीकडे १ टक्का राहतो, सर्वांत वरची मात्रा १०० मायक्रोमोलर आणि खालची साधारण ५ नॅनोमोलर येते. थेट ०.२ मायक्रोलिटर पिपेटने घालण्याचं धाडस करू नका. टोकाला चिकटलेला थेंबच तेवढा असतो.

मायक्रोप्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये एक मिनिट फिरवून बुडबुडे घालवा, झाकून ३० ते ६० मिनिटं ठेवा, मग वाचा. एका तासाने परत वाचा. आकडा सरकत असेल तर तोल अजून साधलेला नाही. झी-प्राइम (चाचणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा) ०.५ च्या वर हवा. मिलिपी (पोलरायझेशनचा आकडा) बरोबर एकूण चमकही नोंदवा. ती कंट्रोलपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वरखाली असेल, तर रेणू स्वतः चमकतोय किंवा चमक गिळतोय. त्या खणाचा आकडा फेकून द्या.

वक्राचा आकारही बोलतो. हिल स्लोप (वक्राचा उतार किती तीव्र ते) १ च्या आसपास असेल तर ठीक. ३ किंवा ४ आला, म्हणजे कडा सरळ तुटल्यासारखी पडली, तर बहुधा रेणूचे गोळे झालेत आणि प्रोटीन त्यांना चिकटतंय. ट्रायटन ०.०१ वरून ०.१ टक्के करून बघा. असर गेला तर हिट, म्हणजे चाचणीत सापडलेला रेणू, गेला. वाईट वाटतं, पण दुसऱ्या दिवशी वाचलेल्या सहा महिन्यांचा हिशेब लागतो.

हळदीतलं कर्क्युमिन तर प्रत्येक चाचणीत चालतं. त्यावर काम करावं का?

ते प्रत्येक चाचणीत चालतं, हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. कर्क्युमिन फ्लुओरेसिनच्या आसपास चमकतं, गोळे करतं, सिस्टीनशी चिकटतं, धातू पकडतं. शिवाय पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये, सीरम नसेल तर, अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक सडून जातं. तुम्ही नक्की काय मोजलंत ते कोणालाच सांगता येत नाही. क्वेर्सेटिन, रोडॅनिन, क्विनोन, कॅटेकोल यांचीही तीच गत. घरातल्या हळदीच्या दुधाशी आमचं भांडण नाही.

कोव्हॅलंट रेणू खराच खळग्यात बसून जुळला, की कुठेही चिकटला?

मास स्पेक्ट्रोमेट्रीवर अख्खं प्रोटीन तोला. १ मायक्रोमोलर जीडीपी-केरास जी१२सी, १० मायक्रोमोलर रेणू, पीएच ७.५, ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना थोडं काढून फॉर्मिक ॲसिडने थांबवा. सोटोरॅसिबने वजन ५६०.६ डाल्टनने वाढतं. वाढ दुप्पट दिसली तर ५१, ८० किंवा ११८ क्रमांकाच्या सिस्टीनवरही रेणू गेला आहे. बफरमध्ये डीटीटी राहिलं असेल तर ते रेणू आधीच खाऊन टाकतं. प्रयोगाच्या दिवशी डिसॉल्टिंग कॉलममधून काढून घ्या.

खरी कसोटी शेजारच्या नळीत असते. तेच प्रोटीन न तुटणारं जीटीपी-ॲनालॉग भरून घ्या. चालू अवस्थेत खळगा नीट उघडत नाही, त्यामुळे चांगला रेणू तिथे मंद पडतो. दोन्हीकडे वेग सारखाच आला तर तुमचा रेणू खळगा ओळखत नाहीये, नुसता तापट आहे. ३७ अंशांना ५ मिलिमोलर ग्लुटाथायोनबरोबर ठेवून त्याचं अर्धायुष्यही काढा. ते काही मिनिटांतच संपत असेल तर पेशीत तो जागेवर पोचणारच नाही.

थर्मल शिफ्ट एवढंच करून भागेल का?

पहिल्या चाळणीसाठी, हो. प्रोटीन २ ते ५ मायक्रोमोलर, सायप्रो ऑरेंज ५ एक्स, २५ ते ९५ अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश. पण एकाच पद्धतीवर हिट जाहीर करू नका. दुसरी पद्धत वेगळ्या तत्त्वाची पाहिजे: एसपीआर, आयटीसी किंवा एनएमआर, ज्यांत रेणू प्रोटीनला जुळल्याचं थेट मोजता येतं. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये राष्ट्रीय हाय-फील्ड एनएमआर सुविधा आहे. नायट्रोजन-१५ लावलेलं ५० ते १०० मायक्रोमोलर प्रोटीन आणि एचएसक्यूसी स्पेक्ट्रम (त्यात साधारण प्रत्येक अमिनो ॲसिडचा एक ठिपका) एवढ्यावर रेणू कुठे बसला ते दिसतं. सगळेच ठिपके थोडेथोडे हलले तर पीएच किंवा डीएमएसओ जुळलेला नाही. एका कोपऱ्यातले सात-आठच हलले तर आनंद माना.

पावसाळ्यात आमचे आकडे बिघडतात. हे मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, आणि मुंबईचा जुलै म्हणजे त्याला पर्वणीच. स्टॉकची बाटली दिवसातून चार वेळा उघडली की महिन्याभरात त्यात लक्षणीय पाणी शिरतं, रेणू खाली बसतो, आणि तुम्ही जे १० मिलिमोलर समजता ते ३ असतं. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. एकेकाळी फ्रीजमध्ये दगड होणारा स्टॉक आता तिथेही पातळ राहत असेल, तर पाणी शिरलंय हे समजा. याहून स्वस्त चाचणी नाही.

उपाय साधे आहेत. २५ मायक्रोलिटरच्या एकवेळ वापराच्या नळ्या करा, उणे २० ला सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. बाहेर काढल्यावर नळी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर थंड काठावर दव धरतं आणि आत जातं. वापरण्याआधी फिरवा, तळाशी गाळ बघा. महत्त्वाच्या रेणूचं प्रमाण सहा महिन्यांनी एलसी-एमएसवर परत मोजा.

रेणूचं वजन ५०० च्या वर गेलं. थांबायचं का?

लगेच नको. बीसीएल-२ (पेशीला मरू न देणारं प्रोटीन) वरचा व्हेनेटोक्लॅक्स ८६८ डाल्टनचा आहे, तरी तोंडाने घेतला जातो आणि २०१६ पासून वापरात आहे. पण तो जेवणाबरोबर घ्यावा लागतो, कारण उपाशीपोटी फार कमी शोषला जातो. तिथवर पोचायला डोंगराएवढं फॉर्म्युलेशनचं काम लागलं. विद्यार्थ्याने एक साधा हिशेब ठेवावा: पीआयसी५० (मोलरमधल्या आयसी५० चा उणे लॉग) ला १.३७ ने गुणून हायड्रोजन सोडून बाकीच्या अणूंच्या संख्येने भागा. १० मायक्रोमोलरचा ३० अणूंचा रेणू ०.२३ देतो. या क्षेत्रात ०.२४ च्या आसपास ठीक मानतात, एन्झाइमला ०.३ हवा असतो. वजन वाढतंय आणि हा आकडा घसरतोय, म्हणजे नवे अणू फुकट बसून प्रवास करतायत.

सिंथेसिसमध्ये काय सांभाळायचं?

ॲक्रिलामाइड शेवटच्या पायरीला लावा, शून्य अंशाला, ॲक्रिलॉइल क्लोराइड मोजून एक इक्विव्हॅलंट. जास्त पडलं की दुसऱ्या नायट्रोजनवरही जातं. पदार्थ रोटाव्हेपरवर ४० अंशांच्या वर तापवू नका, पॉलिमर होतो. सुझुकी जोडणी (पॅलॅडियमच्या मदतीने दोन कार्बन जोडणं) वापरली असेल तर पॅलॅडियम स्कॅव्हेंजरमधून काढा. धातूचे अवशेष प्रोटीन मारतात आणि हिट असल्याचा भास देतात. झिंकही हेच करतं. एचपीएलसी शुद्धता ९५ टक्क्यांखाली असेल तर रेणू बायोलॉजीवाल्यांना देऊच नका. आणि दोन वलयांमधला बंध अडकलेला असेल तर सोटोरॅसिबसारखी दोन वेगळी रूपं मिळतात, फिरून एकमेकांत न बदलणारी. कायरल कॉलमवर एकदा बघून घ्या.

कोणत्या पेशी वापराव्यात?

जोडीने वापरा. केरास जी१२सी साठी एनसीआय-एच३५८ आणि मिया पाका-२. कंट्रोलला ए५४९, तिच्यात जी१२एस आहे. एमडीएम२ साठी एसजेएसए-१, समोर पी५३ नसलेली साओस-२. वाय२२०सी साठी एनयूजीसी-३ किंवा एचयूएच-७. रेणू दोन्हीकडे सारख्याच पेशी मारत असेल तर तो विष आहे, औषध नाही. पुण्याच्या एनसीसीएसमधून पेशी घेता येतात. शेजारच्या लॅबमधून नळीत आलेल्या पेशींचं एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (बॅक्टेरियाची लागण) तपासल्याशिवाय त्यांच्यावर एक दिवसही घालवू नका.

७२ तासांचं एमटीटी (किती पेशी जिवंत ते मोजणं) हा शेवटचा प्रयोग आहे, पहिला नव्हे. आधी २ तासांत फॉस्फो-ईआरके (केरास चालू असल्याची खूण) उतरतं का बघा. एमडीएम२ ला पी२१ (पी५३ जागं झाल्याची खूण) चढतं का बघा. रेणू पेशीत प्रोटीनला पकडतो का, हे सेट्सा पद्धतीने, ३ मिनिटं गरम करून कळतं.

निरोगी पेशींना त्रास होणार नाही, याची खात्री काय?

म्युटेशनच्याच दांड्याला रेणू अडकवला असेल तर बरीच. नाहीतर काहीच नाही. एमडीएम२ निरोगी अस्थिमज्जेतही पी५३ ला आवरून धरतं. तिथली जोडी तुटली की प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल घसरतात. व्हेनेटोक्लॅक्सच्या आधीच्या नॅव्हिटोक्लॅक्समध्ये वेगळी अडचण होती: प्लेटलेट बीसीएल-एक्सएलवर जगतात आणि तो रेणू बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल दोघांनाही धरायचा. व्हेनेटोक्लॅक्सने बीसीएल-२ मधल्या ॲस्पार्टेट १०३ चा फरक हेरला आणि प्लेटलेट वाचवल्या.

औषध चाललं तरी पुढे बंद का पडतं?

कारण ट्यूमर स्थिर राहत नाही. सोटोरॅसिबनंतर टायरोसिन ९६ चं ॲस्पार्टेट होतं आणि खोबणीतली पकड सुटते. व्हेनेटोक्लॅक्सनंतर बीसीएल-२ मध्ये जी१०१व्ही, रेव्हुमेनिबनंतर मेनिनमध्ये एम३२७आय. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर केरास बंद होताच ईजीएफआर हा वाढीचा रिसेप्टर वरून परत जोर लावतो, म्हणून तिथे एकटं औषध कमी पडतं आणि ईजीएफआर रोखणाऱ्या पॅनिटुमुमॅबची जोड द्यावी लागते. चांगला रेणू हातात आला की त्याच आठवड्यात ही म्युटेशन असलेली प्रोटीन बनवायला घ्या.

परवानग्या आणि पेटंटचं काय?

रीकॉम्बिनंट कामाला संस्थेची जैवसुरक्षा समिती, उंदरांना प्राण्यांची नीतिसमिती, रुग्णांच्या नमुन्याला वेगळी नीतिसमिती. अर्ज प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात टाका. पोस्टर लावण्याआधी प्रोव्हिजनल पेटंट अर्ज करा, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. माहीत असलेल्या पदार्थाचं फक्त नवं रूप असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(ड) आडवं येतं. ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला हेच ठरवलं.

रेणूंची मालिका कधी सोडून द्यायची?

चाळीस रेणू झाले, दोन पद्धती जुळत नाहीत, आणि लहान बदल केला तरी आकडा हलत नाही, तर सोडा. खऱ्या हिटमध्ये एक मिथाइल चुकीच्या जागी लावलं की काम मरतं. कुठलंही मिथाइल कुठेही चालतंय, याचा अर्थ रेणू कुठल्याच खळग्यात बसलेला नाही.

घरातल्या रुग्णाच्या रिपोर्टवर "केरास पॉझिटिव्ह" लिहिलंय. ही औषधं लागू होतील का?

"पॉझिटिव्ह" एवढ्यावर काही ठरत नाही. रिपोर्टमध्ये अक्षरं आणि आकडा बघा: जी१२सी, जी१२डी, जी१२व्ही. सोटोरॅसिब आणि ॲडाग्रॅसिब फक्त जी१२सी ला आहेत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केरास बहुतेकांत बदललेलं असतं, पण तिथे जी१२सी फार थोड्यांत सापडतं. रिपोर्टची पूर्ण प्रत, सारांशाचं एक पान नव्हे, टाटा मेमोरियलला किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथल्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानेच पुढे जा. सोटोरॅसिब सुरू झालंच तर ॲसिडिटीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीने पोटातलं आम्ल उतरतं, आणि आम्ल उतरलं की हे औषध नीट विरघळत नाही.